माफीची चौकट

मी एक चौकट बोलतेय. दाराची नाही, तसबिरीची. पाइनच्या लाकडाची, दोन बोटं रुंद, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात सांधा थोडा उघडा पडलेली. हा सांधा जन्मापासूनच असा आहे, पडले-बिडले नाही मी कधी. मला घडवणाऱ्याला तेव्हा करवत नीट धरता येत नव्हती, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म तुरुंगातला. झालं, लगेच तुमची नजर बदलली! बघा, बघा. सवय आहे मला. पण मी काही केलेलं नाही. केलं होतं ते वुडीनं.

वुडी म्हणजे एलवुड गेचेल. तेव्हा विशीतला, हडकुळा, लाल कानांचा पोरगा. आमच्या गावच्या खाडीकाठी श्रीमंतांची उन्हाळी घरं आहेत. उन्हाळा सरला की मालक कुलपं लावून आपापल्या शहरात निघून जातात आणि हिवाळाभर ती घरं बर्फात नुसती उभी असतात. एका जानेवारीत वुडी आणि त्याचा धाकटा मावसभाऊ अशाच एका घराची खिडकी फोडून आत शिरले. आत दारू असते असं कुणीतरी सांगितलं होतं. दारू मिळालीही. पण थंडी एवढी, की दोघांनी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोडून शेकोटीत घातल्या. त्या खुर्च्या म्हणे मालकाच्या पणजोबांच्या होत्या. न्यायाधीशांना दारूचं काही वाटलं नाही, खिडकीचंही फारसं नाही. खुर्च्यांचा मात्र भयंकर राग आला. मावसभाऊ वयानं लहान म्हणून सुटला, वुडी तुरुंगात गेला. आणि तिथं त्याला सुतारकामाला बसवलं. लाकूड जाळलं ना, मग आता घडव! त्या कामातून निघाले ती मी.

सुटला त्या दिवशी त्याची थोरली बहीण मार्जरी त्याला न्यायला आली. त्यांची आई लवकर गेलेली, मार्जनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. वुडीनं मला कोटाखालून काढून तिच्या हातात दिलं. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं, उघड्या सांध्यावर बोट फिरवलं.

"वाकडी आहे रे ही."

"हो," वुडी म्हणाला.

"असू दे. तू तरी कुठं सरळ आहेस!" असं म्हणाली आणि तिथंच फाटकापाशी त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी दोघांच्या मधे चेंगरले होते. माझ्या आयुष्यातला तो पहिला उबदार दिवस.

आमच्या गावात अमेरिका हा शब्द कुणी फारसा वापरत नाही. नदीच्या अल्याड आमचा देश, पल्याड त्यांचा, म्हणजे अमेरिका; आम्ही नुसतं अल्याड-पल्याड म्हणतो. मधे एक छोटा पूल. पल्याड घड्याळ एक तास मागं असतं आणि पेट्रोल स्वस्त असतं, बाकी माणसं तीच. आजी अल्याडची तर नातू पल्याडचा, असं घरोघरी. मार्जनंही पल्याडच्या एका प्लंबरशी लग्न केलं. लग्नातला फोटो तिनं माझ्यात घातला आणि मला वुडीच्या स्वयंपाकघरात, फोनच्या बरोबर वर टांगलं. "मी समोर असले की वेळेवर जेवशील," म्हणाली.

तेव्हा पुलावरचा पहारा नावालाच होता. ओळखीचा शिपाई हात हलवायचा, आपणही हलवायचा, की पोचलात पल्याड. वुडी आठवड्यातून एकदा तरी बहिणीकडे जेवून यायचा. कुणी त्याला काही विचारलं नाही, त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मग जग बदललं. पुलावर कॅमेरे आले, कॉम्प्युटर आले, पासपोर्ट लागायला लागला. गावातल्या एका माणसाला तरुणपणीच्या मारामारीवरून पल्याडच्यांनी पुलावरून परत पाठवलं, ते कायमचंच. ती बातमी कळली त्या दिवसापासून वुडीनं पुलावर गाडी घातली नाही.

"मार्जच येईल की इकडे," तो बायकोला म्हणाला. बायको म्हणजे व्हर्ना. बुटकी, चपळ, आणि जिभेला हाड नसलेली.

मार्ज यायची. वर्षानुवर्षं आली. मग तिचा नवरा गेला, मग ती बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तिला पल्याडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई पूल कशी ओलांडणार? आता ती येऊ शकत नव्हती आणि वुडी जाऊ शकत नव्हता. झाडांची पानं गळली की आमच्या मागच्या अंगणातून त्या आश्रमाचं धुराडं दिसतं. वुडी बर्फ उपसायला म्हणून अंगणात जायचा आणि फावडं टेकवून त्या धुराड्याकडे बघत उभा राहायचा. व्हर्ना खिडकीतून त्याला बघायची. मी भिंतीवरून दोघांना बघायची.

शनिवारी संध्याकाळी बीन्सचं जेवण झालं की तो मार्जला फोन करायचा. माझ्याखालीच उभा राहून. त्यामुळं दोन्हीकडचं बोलणं मला ऐकू यायचं.

"कधी येतोस?" मार्ज विचारायची.

"येतो गं. जरा रस्ते मोकळे होऊ देत."

रस्ते मोकळे व्हायचे, वसंत यायचा, उन्हाळा यायचा. हा आपला रस्त्यांवरच अडलेला.

आमच्या घरी लायल नावाचा एक म्हातारा रोज कॉफीला येतो. जन्मभर ट्रक चालवला, पूल त्याच्या पायाखालचा. त्यानंच हा विषय काढला.

"ओहोटीला चिखलातून चालत जा ना," तो वुडीला म्हणाला. "गुडघाभर तर पाणी असतं."

"आणि मधेच रुतलो तर?"

"तर अर्धा तू त्यांचा, अर्धा आमचा. कुठला अर्धा कुणी घ्यायचा ते व्हर्ना ठरवेल."

व्हर्ना खो-खो हसली. वुडीनं कपातून डोकं वर काढलं नाही. तेव्हा लायलनं खुर्ची पुढं ओढली. "बरं, गंमत राहू दे. तू सरकारकडे माफी का मागत नाहीस? इतकी वर्षं झाली, पुन्हा कधी वाकडं पाऊल टाकलं नाहीस. माफी मिळाली की तुझं नाव गुन्हेगारांच्या दप्तरातून काढून आत कुठंतरी कुलपात टाकतात. पुलावरच्या कॉम्प्युटरला दिसतच नाही."

"कुठल्या तोंडानं मागू?"

"आहे त्याच. दुसरं कुठं आहे तुझ्याकडे?"

अशी सुरुवात झाली. आणि माफी मागणं म्हणजे काय असतं ते मी भिंतीवरून पाहिलं. तुम्हाला वाटेल, 'चुकलो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. अहो, कसलं काय! आधी सिद्ध करायचं की गुन्हा करणारा तो तूच. त्यासाठी बोटांचे ठसे हवेत. आणि वुडीला ठसेच नव्हते!

खरंच सांगते. हा माणूस जन्मभर हेरिंग माशांच्या धुरीघरात राबला. खारवलेले मासे काठ्यांवर ओवायचे, काठ्या धुरात टांगायच्या, उतरवायच्या. मीठ, दोर आणि काठ्या यांनी त्याच्या बोटांची टोकं घासून पार गुळगुळीत झालेली. पोलीस ठाण्यातल्या पोरानं एकेक बोट धरून दाबून पाहिलं; कागदावर नुसते काळे डाग. ते कागद राजधानीतून परत आले. पुन्हा घेतले, पुन्हा परत आले.

"चोर तर चोर, तोही बिनबोटांचा," व्हर्ना करवादली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं गाईच्या सडांना लावतात ते मलम आणलं. रोज जेवण झालं की टेबलाशी बसून ती त्याच्या दहाही बोटांना मलम चोळायची आणि वर लोकरीचे हातमोजे चढवायची. तो हातमोजे घालून टीव्ही बघत बसायचा. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. किती दिवसांनी कोण जाणे, एकदाचे ठसे उमटले. घरात सणासारखा आनंद. कशाचा, तर आपला नवरा गुन्हेगार आहे हे सिद्ध झालं याचा!

मग गुन्हा कसा घडला ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. वुडी दुपारभर पेन्सिल चावत बसला. लिहून झाल्यावर व्हर्नानं चष्मा लावून वाचलं.

"अरे, सगळं खुर्च्यांबद्दलच लिहिलंयस. खिडकी कुठाय? दारू कुठाय?"

"दारू प्यालो, उतरली. खिडकीला दुसरी काच बसली. खुर्च्या कुणाच्या तरी पणजोबांच्या होत्या, व्हर्ना. त्या परत कुठून आणायच्या?"

व्हर्नानं चष्मा काढला. तिनं त्याला दुरुस्ती करायला सांगितलं नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या समोर जेवत होता आणि त्याच्या घशात अजून त्या खुर्च्या अडकल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं.

नंतर नुसती वाट बघणं. मार्ज फोनवर विचारायची, "कागद आला का?" पुढंपुढं तिचा आवाज बारीक होत गेला. कधी ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायची. एकदा तर गेलेल्या नवऱ्याला फोन द्यायला निघाली. फोन ठेवल्यावर वुडी म्हणायचा, "थकली असेल." व्हर्ना म्हणायची, "हो, थकली असेल." दोघांनाही कळत होतं.

आणि एके दिवशी कागद आला. जाड, पांढराशुभ्र, शिक्का मारलेला. वुडीनं हात धुतले, पुसले, मग हात लावला. त्यावर 'माफी' हा शब्दच नव्हता. हल्ली म्हणे सरकार तसं म्हणत नाही, 'नोंद स्थगित केली आहे' असं म्हणतं.

"स्थगित म्हणजे?" वुडीचा चेहरा पडला. "बर्फ पडलं की शाळा स्थगित करतात, तसं? बर्फ वितळलं की पुन्हा सुरू?"

"तू पुन्हा खिडक्या फोडायला लागलास तर सुरू," लायल म्हणाला. "नाहीतर संपलं. अरे, नाव काही का असेना, माफीच ती. आता नीट ऐक. पुलावर विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. कुठं चाललात? बहिणीकडे. किती वेळ? संध्याकाळपर्यंत. बस्स. त्यांच्या मशीनला तुझं काही दिसत नाही. हा कागद घरी ड्रॉवरमध्ये ठेव आणि विसरून जा."

"ड्रॉवरमध्ये?" वुडी म्हणाला. "इतकी वर्षं तर ड्रॉवरमध्येच होतं सगळं."

लायल गेल्यावर त्यानं मला भिंतीवरून उतरवलं. मागचे खिळे सोडवले. मार्जचा फोटो होता तिथंच राहू दिला, त्याच्यावर तो कागद ठेवला, काच पुसली, खिळे परत ठोकले. माझ्या पोटात खाली बहीण, वर माफी. जन्म तुरुंगातला असला तरी त्या दिवशी मला कुणीतरी मोठी असल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"हे काय चाललंय?" व्हर्नानं विचारलं.

"मार्जच्या खोलीत टांगणार. तिच्या पलंगासमोर. आजूबाजूच्या म्हाताऱ्या येतील, नर्सा येतील, सगळ्यांनी वाचू दे. माझ्यामुळं तिनं आयुष्यभर मान खाली घातली."

"मार्जनं? मान खाली? कुठल्या मार्जबद्दल बोलतोयस तू?"

पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. आनंदी होता हो माणूस! शीळ घालत होता. मी त्या घरात त्याला शीळ घालताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वुडी दाढी करून, नवा शर्ट घालून गाडी चालवायला बसलेला. शेजारी व्हर्ना. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेली मी आणि माझ्याजवळ डल्सची कागदी पिशवी. डल्स म्हणजे समुद्रातलं जांभळं शेवाळ; आमच्याकडे ते वाळवून, तुम्ही शेंगदाणे खाता तसं येता-जाता चघळतात. मार्जला ते जिवापलीकडे आवडतं आणि आश्रमात मिळत नाही.

पुलावर रांग नव्हती. खिडकीतला अधिकारी कोवळाच होता, केस बारीक कापलेले, गणवेश नवा. त्यानं पासपोर्ट पाहिले, मशीनवर सरकवले. टॉवेल घसरला होता, त्यामुळं मला सगळं दिसत होतं.

"कुठं निघालात, सर?"

"बहिणीकडे."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

लायलनं पढवलं तसंच चाललं होतं. पोरानं पासपोर्ट परत द्यायला हातही पुढं केला. आणि जाता जाता, रोज प्रत्येकाला विचारतात तो शेवटचा प्रश्न त्यानं विचारला.

"जाहीर करण्यासारखं काही आहे, सर?"

आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की याचा अर्थ फळं आहेत का, मांस आहे का, तंबाखू आहे का, एवढाच. दिवसातून शेकड्यांनी लोक 'नाही' म्हणून पुढं जातात. पण वुडीनं हा प्रश्न कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्याच्या कानांवर पडला तो एकच शब्द, जाहीर. त्याचा चेहरा बदलला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची भीती बाळगली तो प्रश्न कुणीतरी आदरानं, 'सर' म्हणून विचारत होतं, आणि आता त्याच्याकडे उत्तर होतं.

"आहे," तो म्हणाला.

"शेवाळ!" व्हर्नानं त्याच्या मांडीला चिमटा काढला. "शेवाळ आहे म्हण, वुडी, शेवाळ!"

पण वुडी मागं वळला होता. त्यानं टॉवेल बाजूला केला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीतून बाहेर धरलं. "हे बघा. मी तरुणपणी गुन्हा केला होता. आमच्या सरकारनं मला माफ केलंय."

त्या पोरानं वाचलं. सावकाश वाचलं. आणि माझी शप्पथ, त्याचा चेहरा वुडीपेक्षा जास्त पडला.

"सर, इंजिन बंद करा," तो म्हणाला.

मला आत नेलं. वुडी आणि व्हर्ना बाहेरच्या बाकावर बसले. त्यामुळं आतलं बोलणं त्या दोघांनी ऐकलं नाही, मी ऐकलं. आजही वाटतं, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आत एक वयस्क अधिकारीण होती. तिनं विचारलं, "काय निघालं त्याचं?"

"काहीच नाही. कोरी पाटी. मशीनला तो माहीतच नाही."

"मग सोड ना."

"कसं सोडू? कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितलं त्यानं. वर लेखी पुरावा हातात दिला." पोरानं टोपी काढून टेबलावर आपटली. "मी त्याला हे विचारलंच नव्हतं हो. मी भाजीपाल्याचं विचारलं होतं!"

त्यांना कागदाची प्रत काढायची होती. अधिकारिणीनं माझे खिळे उचकटले आणि कागद बाहेर काढला, तशी खालून लग्नाच्या पोशाखातली मार्ज हसत वर आली.

"ही कोण?"

"बहीण असणार. तिलाच भेटायला निघालाय."

ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता लिहावं तर लागेलच," आणि कागद मशीनवर ठेवला. मला किंचाळावंसं वाटत होतं. पण लाकूड कधी किंचाळलंय का?

मग त्यांनी वुडीला आत बोलावून त्याच्या बोटांचे ठसे घेतले. त्यांच्याकडे काचेचं मशीन होतं, शाईबिई काही नाही. बोट ठेवलं, ठसा आला. दहाच्या दहा, पहिल्या फटक्यात. व्हर्नाच्या मलमाचा गुण!

"आमच्या सरकारनं माफ केलंय," वुडी पुन्हा म्हणाला. त्याला वाटत होतं, यांना नीट कळलं नसावं.

"तुमच्या सरकारनं, सर," पोरगा खाली बघत म्हणाला. "आमच्या नाही. आमच्याकडे ती माफी चालत नाही. आज सकाळपर्यंत आम्हाला तुमचा गुन्हा माहीतच नव्हता. आता तो आमच्या दप्तरात आला. इथून पुढं यायचं असेल तर आमच्या सरकारकडून वेगळी परवानगी काढावी लागेल."

"ती कधी मिळेल?"

"वेळ लागतो, सर. कधीकधी वर्षही लागतं."

"माझी बहीण अठ्ठ्याऐंशीची आहे. तिची बुद्धी चाललीय."

पोरानं पासपोर्ट त्याच्यापुढं सरकवले.

"पण मी तर खरं सांगितलं," वुडी म्हणाला. हे मात्र त्यानं त्या पोराला सांगितलं नाही. कुणाला सांगितलं, मला माहीत नाही.

गाडी पुलावर वळवून आम्ही उलटे निघालो. अल्याडच्या खिडकीत आमच्याच गावची एक बाई बसली होती. तिनंही रोजचं विचारलं, "तिकडून काही आणलंत का?"

"काही नाही," वुडी म्हणाला.

लायल कॉफीला आला तेव्हा व्हर्नानं त्याला सगळं सांगितलं. तो इतका चिडला, की कपाळ बडवून घेतलं त्यानं. "अरे गाढवा, तुला काय सांगितलं होतं मी? हजारदा पूल ओलांडला मी, एकदा तरी मनातलं सांगितलं असेल का त्यांना?" वुडी ऐकून घेत होता. मग लायल खुर्चीवरून उठला. त्यानं वुडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला.

पल्याडच्या परवानगीसाठी पुन्हा सगळं सुरू झालंय. पुन्हा ठसे, पुन्हा तुरुंगाचे जुने कागद, पुन्हा 'स्वतःच्या शब्दांत लिहा'. या वेळी वुडीनं दोन ओळी लिहिल्या आणि सही केली.

व्हर्ना जाते पल्याड. डल्सची पिशवी तिनंच पोचवली. "फ्रेमही घेऊन जाऊ का?" तिनं विचारलं होतं. वुडी म्हणाला, "मी नाही तिथं, नुसता कागद जाऊन काय करेल?" म्हणून मी पुन्हा फोनच्या वर आले. कागदही माझ्यातच आहे, कारण तो काढून टाकायचंही त्याच्या जिवावर येतं. येणारेजाणारे वाचतात आणि म्हणतात, "वा, मिळाली का माफी! अभिनंदन!" वुडी "हो, मिळाली" म्हणतो आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसतो. मला या भिंतीवर आता लाज वाटते. माझ्यात नुसता मार्जचा फोटो होता तेव्हा मी एक साधी चौकट होते आणि घरातल्या कुणाला माझ्याकडे बघून त्रास होत नव्हता.

व्हर्ना परत आली की वुडी विचारतो, "काय म्हणाली?" व्हर्ना म्हणते, "छान आहे. जेवली." खरं म्हणजे मार्ज व्हर्नाला आता नर्स समजते. हे व्हर्नानं लायलला सांगितलं, वुडीला नाही.

परवाच्या शनिवारी त्यानं नेहमीसारखा फोन लावला. पलीकडे नर्सनं मार्जच्या कानाला फोन धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग मार्ज एकदम स्वच्छ, तरुण आवाजात बोलली.

"वुडी? सोडलं का रे तुला?"

वुडीला कळेना. "कुठून, मार्ज?"

"कुठून काय! तुरुंगातून. मी स्वयंपाक करून वाट बघतेय ना इथं. सोडलं का?"

वुडीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या काचेमागं शिक्का होता, सही होती, सगळं होतं. व्हर्नानं सिंकचा नळ बंद केला होता. मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, हो. एवढा एकच शब्द तर म्हणायचा होता.

"नाही गं," वुडी म्हणाला. "अजून नाही."

"रडू नकोस. मी येते रविवारी भेटायला. पहारेकऱ्याला सांगून ठेव."

"सांगतो."

रविवारी त्यानं दाढी केली, पुलावर घातला होता तोच शर्ट घातला आणि स्वयंपाकघरात दाराकडे तोंड करून बसला. व्हर्नानं विचारलं, "कुठं निघालास?"

"कुठं नाही," तो म्हणाला. "आज भेटीचा दिवस आहे."

व्हर्नानं हात पुसले. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसली. अंधार पडेपर्यंत दोघं बसून होते.

मी लाकडाची चौकट. मला पूल ओलांडता येत नाही आणि ज्यानं तो ओलांडायला हवा त्यालाही येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्यापैकी कुणी पल्याड जाणार असेल, तर त्या धुराड्याच्या आश्रमात घटकाभर डोकावा. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली असेल, मार्जरी तिचं नाव. तिच्या कानाशी वाका आणि तिला सांगा, बाई, तुझा भाऊ सुटला. एकदा सांगून भागणार नाही, ती विसरते. जो कुणी जाईल, त्यानं सांगावं. वुडी स्वतः तिला हे कधीच सांगणार नाही, कारण त्याला ते अजून खरं वाटत नाही.